थंडीतला विसावा आणि नाणेघाटातला बाक

मंडळी, हेडफोन लावून रजईत पडला असाल तर पडूनच ऐका. याच वेळी पिंपळवंडीच्या शिवारात कुणीतरी गव्हाचं दारं धरून उभं असेल. मोटारीला लाईट रात्रीची, पाणी बर्फासारखं, शेजारच्या उसात बिबट्या. त्याला 'हिवाळ्यात आराम करा' कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण आपल्याच जुन्नर तालुक्यात, ऐन धावपळीच्या वाटेवर विसाव्याची सोय केलेली आहे. नाणेघाटात. पावसाळ्यात ही वाट बिकट. पाऊस सरला की कल्याण-सोपाऱ्याचा माल इथून जुन्नरला चढायचा, म्हणजे थंडी हाच कामाचा हंगाम. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन काळात घाटाच्या तोंडाशी गुहा कोरली गेली. आत नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे: यज्ञ, दानातल्या गायी, हत्ती, कार्षापणं. सगळे त्याचेच फोटो काढतात. मला आवडतो तो भिंतींना लागून तिन्ही बाजूंनी कोरलेला दगडी बाक. बाहेर पाण्याची टाकी. जकातीचा म्हणतात तो रांजणही जवळच. म्हणजे जकात घेतली, पण दमलेल्याला टेकायला जागाही दिली!

जुन्नरचा शेतकरी आज एवढंच मागतोय: लाईट दिवसा द्या, रात्री झोपू द्या.