लाजेचा इतिहास



कारखान्याच्या फाटकावर पगाराविषयी बोलायला आम्ही शिकलो. शरीराविषयी शिकलो नाही. आमच्या एका सभासदाने बोनसचे पैसे ‘मर्दानी ताकदी’च्या पुड्यांत घालवले. पुढे तपासणीत मधुमेह निघाला. दोन वर्षे तो गप्प राहिला, कारण आम्हीही गप्प होतो.

जुने ग्रीक वैद्यक मानी की लिंग वायूने ताठरते. फाशी गेलेल्यांची शरीरे पाहून लिओनार्दो दा विंचीने नोंदले की ते रक्ताने भरते. मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त आत येते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. या वायूच्या रक्ताभिसरणातील कार्याच्या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहाने बिघडतात ते हेच मज्जातंतू आणि याच वाहिन्या.

आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्यापायी खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरी शिक्षा टळली नाही. १९५३ साली कर्वे गेले, आणि मासिकही त्याच वर्षी थांबले.

ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. म्हणून पुडीवाल्याची पायरी सोडा, डॉक्टरची चढा. कामाचे तास आपण बोलूनच कमी करून घेतले. ही लाजही बोलल्यावाचून जाणार नाही.