डिस्मल स्वॉम्पचा कालवा आणि खंड्या

बोटीवर कुत्रा असला की प्रवासाचं वेळापत्रक त्याच्या हातात जातं. इंजिन, हवामान, पुलांच्या वेळा हे सगळं नंतर. सकाळ-संध्याकाळ त्याला जमिनीवर उतरवायचं, हे आधी. माझ्या मित्राचा खंड्या डेकवर काहीही उरकायला ठाम नकार देतो. त्यामुळे व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून दक्षिणेला निघताना आम्ही डिस्मल स्वॉम्पचा कालवा निवडला तो इतिहासाच्या ओढीनं नव्हे. काठाला लागून वाट आहे आणि रात्री बोट बांधायला धक्का आहे, एवढंच कारण.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडून 'इंट्राकोस्टल वॉटरवे' तयार झाला आहे. छोटी बोट घेऊन, फारसं खुल्या समुद्रात न जाता नॉरफोकपासून मियामीपर्यंत सुमारे १,७५० किलोमीटर जाता येतं. त्यातला हा सर्वांत जुना तुकडा, साधारण ३५ किलोमीटरचा. डीप क्रीकच्या लॉकमध्ये शिरलं की मागचे दरवाजे बंद होतात, पाणी भरतं आणि बोट सुमारे आठ फूट वर उचलली जाते. पुढचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. दलदलीतल्या झाडापाल्यातलं टॅनिन त्यात उतरलेलं असतं.

कालवा मैलोन्‌मैल सरळ जातो. मी इंजिनिअर, सरळ रेघ दिसली की आधी कौतुक वाटतं. मग हिशेब सुचला. खोदकाम १७९३ला सुरू झालं, १८०५मध्ये कालवा खुला झाला. शेजारचा दुसरा कालवा १८५९ साली झाला तेव्हा वाफेवर चालणारी यंत्रं होती. इथे होती ती माणसं. मालकांकडून भाड्यानं आणलेली गुलाम माणसं.

त्यांच्याबद्दल आपल्याला कळतं ते मोझेस ग्रँडीमुळे. तो स्वतः गुलाम होता आणि याच कालव्यातून मालाच्या बोटी नेत असे. कमाईतून साठवलेले ६०० डॉलर देऊन त्यानं स्वातंत्र्य विकत घेतलं. मालकानं पैसे ठेवून घेतले आणि त्याला विकून टाकलं. नव्या मालकालाही त्यानं ६०० डॉलर दिले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तो सुटला. १८४३मध्ये लंडनला छापलेल्या आत्मकथनात त्यानं कमरेएवढ्या आणि त्याहूनही खोल चिखलात उभं राहून खोदणारी माणसं पाहिल्याचं लिहिलं आहे.

काही जण पळून याच दलदलीत शिरत. आतल्या उंचवट्यांवर कित्येकांनी वर्षानुवर्षं काढली. त्यांना शोधायला कुत्रे सोडत. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, ज्यानं पुढे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं, त्यानं ही पद्धत १८५६च्या पुस्तकात नोंदवली आहे. या कामाला खास जातीचा कुत्रा लागत नसे, साधा गावठीही चाले. पिल्लाला कोंडून ठेवायचं. काळा माणूस त्याला दिसायचा तो फक्त शिकवणीच्या वेळी, पुढे पळताना. माणूस झाडावर चढला की पिल्लाला मांस द्यायचं. नंतर एखाद्याचा जोडा हुंगायला देऊन तेवढ्याच माणसाचा माग काढायला शिकवायचं.

हे मी साउथ मिल्सजवळच्या धक्क्यावर, रात्री बोटीत फोनवर वाचलं. खंड्याही गावठीच. भारतातून विमानानं आणलेला. माझी चप्पल कुठेही लपवली तरी तो वासानं हुडकून आणतो, आणि आम्ही हसून त्याला बिस्किट देतो. नाक तेच, बक्षिसाची रीतही तीच. काय शोधायचं, हे तेवढं माणसं ठरवतात.

पहाटे तो दाराशी कुरकुरायला लागला. मी टॉर्च घेऊन त्याला काठावर उतरवलं. झाडीकडे तोंड करून तो दोनदा भुंकला. हरीण असेल, नाहीतर काहीच नसेल. एरवी मी त्याला भुंकू दिलं असतं. त्या दिवशी पट्टा ओढून म्हणालो, "खंड्या, गप."