फळमाशी: सापळ्यात नर अडकतो, अळी मात्र खाली पडलेल्या आंब्यात

हापूस वरून चांगला दिसतो, कापला की आत अळ्या वळवळतात. हे काम फळमाशीचं. आंबा पाडाला लागला की हिचा जोर वाढतो, पावसाच्या तोंडावर तर विचारूच नका.

मादी सालीखाली अंडी घालते. बाहेर टाचणी टोचल्यासारखी खूण तेवढी राहते. दोन-तीन दिवसांत अळी निघून गर खायला लागते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फळ गळून पडतं, अळी मातीत शिरून कोष करते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी वर येते.

माशी आली की नाही हे कळायला सापळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा इकडे बहुतेक बागायतदारांना माहीत आहे. एकरी दोन ते चार, डोक्याच्या उंचीवर, सावलीतल्या फांदीला बांधायचे. आतल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला फक्त नर येतो. (काळ्या तुळशीतही हे द्रव्य असतं, म्हणून तुळशीवर या माश्या घोळक्याने दिसतात.) मादी बाहेरच राहते, त्यामुळे सापळा भरला म्हणजे बाग वाचली असं धरून चालू नये. दर आठवड्याला माश्या मोजून वहीत लिहाव्यात. आकडा एकदम चढला की तयार आंबा झाडावर ठेवू नये, काढणी उरकून घ्यावी. आमिषाचा वास दीड-दोन महिन्यांत उतरतो, ते बदलावं लागतं.

काकडी, कारली, दुधीच्या मांडवात हाच सापळा लावून पुष्कळ जण फसतात. वेलवर्गीय पिकांवरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतो. दुकानात पीक सांगूनच आमिष मागावं.

खरं काम झाडाखाली आहे. गळलेला आंबा रोज, निदान एकाआड एक दिवस गोळा करायला हवा. तो गडग्याबाहेर किंवा उकिरड्यावर टाकला तर अळी तिथल्या मातीत आरामात कोष करते. दोन फूट खड्ड्यात पुरून वर माती दाबावी, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावा. मजुरी परवडत नाही, हे बागायतदारांचं म्हणणं खोटं नाही. पण शेजारच्या बागेत सडा तसाच पडला असेल तर एकट्याची मेहनत वाया जाते, माशी गडगा बघत नाही. वाडीने मिळून वेचणी केली तरच फरक पडतो.

याच माशीपायी युरोपीय संघाने मे 2014 पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती जानेवारी 2015 मध्ये उठली. आता तिकडे जाणाऱ्या आंब्यावर आधी उष्णतेची प्रक्रिया करावी लागते.

आंबा संपला तरी सापळे उतरवू नयेत. परसातला पेरू पावसात पिकतो आणि माशी तिथे मुक्काम हलवते.