शिळाछापाच्या शाईतील तूप

छापाच्या शाईत जनावराची चरबी असते, या समजुतीने कर्मठ मंडळी छापील पोथीला शिवत नसत. म्हणून धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घातलेली शाई वापरली गेली, असे मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. मुंबईचे गणपत कृष्णाजी यांच्या नावाशी ही आख्यायिका निगडित आहे. अमेरिकन मिशनचा शिळाछाप पाहून त्यांनी लाकडी यंत्र उभे केले, शाईही प्रयोगांती स्वतः सिद्ध केली आणि १८३१ साली पंचांग छापले. गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची हकीकत दिली आहे. तुपाचा प्रश्न मात्र शाईच्या घटनेत शिरल्यावाचून सुटणारा नाही.

शिळाछापात शाया दोन. लिहिण्याच्या शाईत मेण, साबण, लाख व काजळ यांबरोबर चरबी असे. तिच्यातील स्निग्धाम्ले चुनखडीच्या शिळेशी संयोग पावतात व तेवढाच भाग पुढे छपाईची शाई धरतो. मूळ शाई टर्पेंटाइनने पुसली जाते. कागदावर उतरते ती रुळाने दिलेली दुसरी शाई, मुख्यतः काजळ आणि कढवून दाट केलेले जवसाचे तेल यांची. ज्या चरबीचा विटाळ मानला गेला, तिचा बहुतेक अंश अशा रीतीने शिळेवरच राही. तथापि शाई मऊ करण्यासाठी मुद्रक तीत कधी थोडी चरबी मिसळीत. तेव्हा कर्मठांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही.

हस्तलिखिताची शाईही बहुधा काजळाचीच, पण डिंकात घोटलेली. म्हणून नुसत्या काळ्या रंगाच्या तुलनेने काही निष्पन्न होत नाही. फरक पडतो तो बंधकद्रव्याचा. चौल-नागावसारख्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) किनाऱ्यावरील गावी पावसाळ्यात थेंब पडला की डिंकाची शाई पसरे. तेलाची पसरत नसे. याउलट जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, तूप तसे वाळत नाही. ते अधिक झाल्यास अक्षराभोवती पिवळसर तेलकट कडा उमटावी.

परंतु अशी कडा आढळली म्हणजे आख्यायिका सिद्ध झाली, असे नव्हे. पोथी देवापुढे वाचली जाई. निरांजनाचे तूप आणि समईचे तेल तिच्यावर सांडत असे. त्यामुळे अक्षरातील नमुन्याबरोबर त्याच पानाच्या कोऱ्या समासातील नमुनाही तपासला पाहिजे, आणि दोहोंत तूप सापडल्यास ते पान पुराव्यातून वगळले पाहिजे.