शकुंतलेचं जुनं इंजिन

मूर्तिजापुराहून अचलपूर अन् यवतमाळकडे एकेकाळी जाणारी ‘शकुंतला’ आपल्या परिचयाची आहेच. अडीच फुटी रूळ. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीवर आणून टाकायचा, हे तिचं काम होतं.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९२३ पासून ओढत होतं. सत्तर वर्षं! असं इंजिन आपलं दुखणं लपवीत नाही. सांध्यातून वाफ फुसफुसली, की आवळा. बॉयलरची नळी गळाली, की बदला.

१५ एप्रिल १९९४ ला डिझेल आलं. पहाटे भट्टी पेटवणं नको, वाटेत पाणी भरणं नको. सोय झाली खरी! पण कापूस तोवर ट्रकांकडे वळला होता. ट्रक थेट जिनाच्या दारात जातो, त्याला काय म्हणावं? आणि रूळ? ते जुनेच. नव्या डिझेललाही त्यांवरून रमतगमतच जावं लागे.