एका खजुराच्या झाडाची दोन नाणी

माझ्या कामात 'डिलीट' हा शब्द फसवा आहे. फाइल उडवली तरी तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी माहिती बहुतेकदा तिथेच पडून असते. दोन जुन्या नाण्यांबद्दल वाचताना हे सारखं आठवत होतं.

पहिलं रोमचं, इसवी सन ७१ च्या सुमाराचं. सेस्टर्शियस. वजन साधारण २५ ग्रॅम. अशा नाण्यांना सरसकट कांस्य म्हणतात, पण हे खरं तर पितळेचं. एका बाजूला सम्राट व्हेस्पाशियनचा चेहरा. दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड आणि त्याखाली शोक करत बसलेली बाई. भोवती अक्षरं: 'यूडाइआ काप्टा', ज्युडिया जिंकली. लॅटिन न वाचता येणाऱ्यालाही चित्रावरून कळावं, कोण हरलं ते.

गंमत अशी, की ज्युडिया इसवी सन ६ मध्येच रोमचा प्रांत झाली होती. ६६ साली तिथे बंड झालं. ७० साली व्हेस्पाशियनचा मुलगा टायटस याने जेरुसलेम घेतलं आणि तिथलं मंदिर जळालं. म्हणजे मोडलं होतं आपल्याच प्रांतातलं बंड, पण नाण्यावर मिरवला नवा देश जिंकल्याचा थाट. कारण व्हेस्पाशियन राजघराण्यातला नव्हता. ६९ साली, एकाच वर्षात चार सम्राट झाले, त्यातला तो चौथा. आपल्याच लोकांशी लढून मिळवलेली गादी नाण्यावर कशी मिरवणार? त्याला परक्यावरचा विजय हवा होता.

दुसरं नाणं साठेक वर्षांनंतरचं. १३२ साली ज्युडियात शिमोन बार कोखबाच्या नेतृत्वाखाली पुन्हा बंड झालं. बंडखोरांनी चलनातलीच नाणी घेतली, कित्येकांवरची चित्रं घासून काढली आणि त्यांवर आपले ठसे मारले. त्यांच्या कांस्य नाण्यांवर पुन्हा खजुराचं झाड आलं. सात फांद्यांचं, फळांचे घोस लगडलेलं. खाली रडणारी बाई नाही. काहींच्या मागच्या बाजूला द्राक्षवेलीचं पान आणि जुन्या हिब्रू लिपीत मजकूर: जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी.

१३५ पर्यंत हेही बंड चिरडलं गेलं. प्रांताचं ज्युडिया हे नावच काढून 'सीरिया पॅलेस्टिना' केलं गेलं.

पण नाणी उरली. त्यांतल्या काहींवर नव्या ठशाखाली जुन्या अक्षरांच्या, चेहऱ्याच्या रेषा अजून दिसतात. सम्राटाला पूर्ण पुसणं बंडखोरांना जमलं नाही. आणि बंडखोरांना पूर्ण पुसणं सम्राटाला.