धातुसाधित नाम
धातूस प्रत्यय लागून सिद्ध होणारे नाम. मराठीतील ‘वाचणे’ व ‘वाचन’ या दोहोंचे मूळ संस्कृत ‘-अन’ प्रत्ययात आहे; पहिले रूप प्राकृतद्वारा आले, दुसरे तत्सम होय. ‘पुस्तक वाचणे’ यात कर्म टिकते. ‘पुस्तकाचे वाचन’ यात ते षष्ठीत जाते. ज्ञानेश्वरीत (१२९०) पहिल्याचा प्रत्यय ‘-णें’ असा सानुस्वार आढळतो. १९६२ च्या शुद्धलेखननियमांनी हा अनुस्वार वर्ज्य ठरविला. ‘तो चाकूरला गेल्याचे कळले’ यात ‘-चे’ या षष्ठीच्या प्रत्ययाने संपूर्ण उपवाक्यच नामस्थानी येते. जपानीतही षष्ठीदर्शक ‘नो’ क्रियापदापुढे येऊन हेच कार्य करतो. ‘कोतो’ (गोष्ट) हे नामही त्यासाठी योजतात. मात्र तेथे क्रियापदाचे काळवाचक रूप कायम राहते. मराठीत त्याचे कृदन्त होते.